लाल विंचवाचं विष आणि अल्फा-१: औषध नेमकं कुठे लागतं

लाल विंचू चावलेला पेशंट घामानं निथळत, हातपाय गार पडलेल्या अवस्थेत आरोग्य केंद्रात आला, की कोकणातले डॉक्टर त्याला प्राझोसिन नावाची गोळी देतात. ही गोळी मुळात ब्लडप्रेशरसाठी बनलेली. विषाशी तिचा काही संबंध येत नाही. विष रक्तात होतं तसंच राहतं. गोळी जाऊन बसते ती आपल्याच शरीरातल्या एका प्रथिनावर. त्याचं नाव अल्फा-१ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर, थोडक्यात अल्फा-१.

एखादं मानवी प्रथिन ‘औषधाचं लक्ष्य’ ठरतं म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे शोधून सापडणार नाही. आणि ते घडलं रायगड जिल्ह्यात. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळात लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले तीसेक पेशंट दगावत. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, प्रेशर, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली आणि त्यातून विष कुठल्या वाटेनं मारतं हे ओळखलं. प्राझोसिनवरचं त्यांचं काम १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यानंतर वेळेत पोचलेल्या पेशंटमधला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला.

विंचू कोणता, आणि घरी काय करायचं

लाल विंचवाचं शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या लेखनात मेसोब्युथस टॅम्युलस असं सापडेल. बोटभर लांबीचा, तांबूस ते पिवळट, पुढच्या नांग्या बारीक आणि शेपटी मात्र जाड. मोठी काळी इंगळी दिसायला जास्त भयानक असते, पण तिच्या नांग्या रुंद असतात आणि तिचा दंश बहुधा दुखण्यावरच निभावतो. नुसत्या रंगावर जाऊ नका. अंगाच्या मानानं नांग्या किती जाड आणि शेपटी किती जाड, ही खूण जास्त भरवशाची.

रचून ठेवलेले जांभ्याचे चिरे, कौलांची चळत, लाकूडफाटा, शेणी, पेंढ्याची उडवी, गोठ्याची दगडी भिंत ही त्याची ठिकाणं. पाऊस पडून बिळात पाणी शिरलं की तो पडवीत येतो. भातकापणीत तो हाताखाली सापडतो. अतिनील प्रकाशात विंचवाचं अंग हिरवट चमकतं, त्यामुळे अतिनील टॉर्च असेल तर रात्री चिऱ्यांच्या ढिगात तो लगेच दिसतो. वाडीत एक टॉर्च असावाच.

चावल्यावर घट्ट आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवला तर ठणका कमी होतो. मंत्र घालून विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्यात जाणारे दोन तास सगळ्यात महागात पडतात. ‘मंत्रानं उतरला’ असं वाटतं, कारण बरेचसे दंश नुसतेच दुखतात आणि आपोआप थांबतात. ज्याच्या शरीरात विष भिनलंय त्याला मात्र त्याच दोन तासांत गोळीची गरज असते. घाम, उलट्या, तोंडाला सुटणारी लाळ, गार हातपाय, यांतलं काही दिसलं की १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. मुलगे आणि पुरुष यांच्यात लिंग ताठ राहणं ही सुरुवातीची महत्त्वाची खूण आहे. घरचे लाजून ती सांगत नाहीत. डॉक्टरांना ती सांगितलीच पाहिजे, कारण एवढ्यावरून विष सर्वांगात पसरल्याचं कळतं.

एक गोष्ट उलटी वाटेल. पेशंट दुखण्यानं ओरडत असेल, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम असतील, तर त्याचं बहुधा ठीक होतं. ज्याला दुखतंय कमी, पण घाम थांबत नाही आणि जो गप्प गप्प होत चाललाय, त्याची काळजी जास्त.

विष कुठे शिरतं

आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियम आत घेणारी प्रथिनं असतात, त्यांना सोडियम चॅनल म्हणतात. चॅनल उघडतं, सोडियम आत येतं, संदेश पुढे सरकतो आणि मिलिसेकंदाच्या हिशोबात चॅनल आपोआप मिटतं. लाल विंचवाच्या विषातले काही रेणू या मिटण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. चॅनल उघडंच राहतं आणि मज्जातंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो. विषात पोटॅशियम चॅनल अडवणारे रेणूही आहेत. त्यातला आयबेरिओटॉक्सिन हा ३७ अमिनो आम्लांचा तुकडा जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो.

भडकलेल्या मज्जातंतूंमध्ये आपल्या ताब्यात नसलेली, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था येते. उलट्या, लाळ, घाम हे सगळं तिथून. पाठोपाठ मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून ॲड्रेनलिन असे लोंढे रक्तात सुटतात. इथून पुढचं नुकसान विष स्वतः फारसं करत नाही. ते आपलीच रसायनं करतात, आपल्याच प्रथिनांवर बसून. उपचार कुठे करायचा याचं उत्तर याच गोष्टीत आहे.

अल्फा-१ काय करतं

ॲड्रेनलिन ओळखणाऱ्या प्रथिनांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट आहेत, असं रेमंड आलक्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४८ मध्ये मांडलं. पुढे त्यांचे अल्फा-१, अल्फा-२, बीटा-१, बीटा-२ असे पोटप्रकार सापडत गेले. अल्फा-१ चे तीन प्रकार आहेत: ए, बी आणि डी. तिघांसाठी वेगवेगळी जनुकं. ए प्रकाराची साखळी ४६६ अमिनो आम्लांची, बीची ५२०, डीची ५७२. साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर जाते आणि बाहेरच्या बाजूला तिच्यात एक खोबण तयार होते. नॉरॲड्रेनलिन त्या खोबणीत बसलं की प्रथिनाचा आतला भाग किंचित हलतो, त्याला लागून असलेलं जी-प्रथिन जागं होतं, एक विकर कामाला लागतं आणि पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम सुटलं की स्नायू आकसतो. वाहिनी अरुंद होते.

रोजच्या जगण्यात हे फार उपयोगाचं आहे. बसलेला माणूस उठतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. अल्फा-१ वाहिन्या आवळून ते वर ढकलतं, म्हणून आपल्याला चक्कर येत नाही.

विंचूदंशात हेच काम हद्दीबाहेर जातं. सुपारीच्या बागेत शिंपण चालू असताना पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरावं, पंपाचा आवाज बदलावा आणि तो तापत जावा, तसं हृदयाचं होतं. पुढे वाट बंद आणि मागून ॲड्रेनलिनचा रेटा. प्रेशर वाढतं. हातापायांतलं रक्त तुटतं म्हणून ते गार पडतात, आणि त्यावर घामाचा थर असतो. मनगटावरची शीर शोधून सापडत नाही. डावा कप्पा थकला की रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, तिथे पाणी झिरपतं आणि पेशंट गुलाबी फेसाळ बेडका टाकत बसून श्वास घेऊ लागतो. दंशानंतर काही तासांतच हे होऊ शकतं, म्हणून लक्षणं असलेल्या पेशंटला २४ तास तरी नजरेखाली ठेवतात.

प्राझोसिनच का

औषधासाठी प्रथिन निवडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. नुकसान खरोखर त्याच्यातून होतं का? बाहेरून दिलेला रेणू तिथे पोचतो का? आणि ते प्रथिन बंद केलं तर दुसरीकडे काय बिघडतं? तिसरा प्रश्न अनेक औषधांना पाडतो. विंचूदंशातही आधीचे उपाय तिथेच पडले.

अल्फा अडवणारी जुनी औषधं अल्फा-१ आणि अल्फा-२ दोन्ही बंद करत. मज्जातंतूच्या टोकावरचं अल्फा-२ हे लगाम आहे. नॉरॲड्रेनलिन पुरेसं सुटलं की ते पुढचं सुटणं थांबवतं. लगाम काढला तर नॉरॲड्रेनलिन आणखी ओतलं जातं आणि हृदय जास्तच धावतं. प्राझोसिन अल्फा-१ तेवढं अडवतं, अल्फा-२ ला सोडून देतं. धमन्या सैल होतात, शिराही सैल होतात, हृदयावरचा पुढचा आणि मागचा दोन्ही भार उतरतो आणि ठोके फारसे वाढत नाहीत.

बीटा अडवणारी औषधं छातीची धडधड पाहून द्यावीशी वाटतात. पण वाहिन्या सैल करणारं बीटा-२ बंद झालं की अल्फा-१ ला कोणी विरोधक उरत नाही, आणि थकलेलं हृदय ज्या बीटा-१ च्या जोरावर चालू असतं तेही मंदावतं. ॲट्रोपिननं घाम-लाळ आटते, पण ठोके आणखी वाढतात. स्टेरॉइड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं सवयीनं दिली जातात. या साखळीतल्या एकाही कडीला ती हात लावत नाहीत.

गोळी द्यायची कशी, हे डॉक्टरांसाठी: मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा जवळपास अर्धा भाग. मोठ्यांना अर्धा ते एक मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तातली पातळी दोन-तीन तासांत शिगेला पोचते आणि तेवढ्याच काळात निम्मी होऊ लागते. म्हणून दुसरा डोस तीन तासांनी, पुढचे साधारण सहा-सहा तासांनी. थांबायचं कधी, हे पेशंटचे पाय सांगतात. तळपाय गरम आणि कोरडे झाले, हाताच्या शिरा पुन्हा दिसू लागल्या, की काम झालं.

गडबड इथे होते. दुकानात हळूहळू विरघळणाऱ्या, २.५ आणि ५ मिलिग्रॅमच्या प्राझोसिनच्या गोळ्याही मिळतात. त्या इथे उपयोगाच्या नाहीत, आणि त्या तोडून किंवा कुटून देणं धोक्याचं, कारण दिवसभराचा डोस एकदम सुटतो. गोळी दिल्यावर पेशंट उलटी करतो, तेव्हा ती बाहेर पडली का हे कोणीतरी पाहायला हवं. गरज पडली तर नाकातून नळी घालून द्यावी लागते. सगळ्यात जास्त चुकतं ते पहिल्या डोसनंतर. उठून उभं राहताना वाहिन्या आवळणारं प्रथिनच आपण बंद केलेलं असतं. त्यात घाम आणि उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. अशा मुलाला आईनं लघवीला म्हणून उभं केलं की ते तिथेच कोसळतं. म्हणून आडवंच ठेवायचं, उचलूनही घ्यायचं नाही, तोंडानं घेता येत असेल तर ओआरएस द्यायचं आणि पहिले तीन तास दर अर्ध्या तासानं प्रेशर बघायचं. पेशंट पुरुषत्वाच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, घेत असेल तर ते सांगायला हवं. दोन्ही मिळून प्रेशर फार खाली येतं.

नुसतं दुखत असेल तर प्राझोसिन देऊ नये, ‘कशाला जोखीम’ म्हणून तर नाहीच. आणि ही गोळी घरी ठेवून शेजाऱ्याला देण्याची नाही.

गावातले अनेक आजोबा लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेतात. तेही अल्फा-१ वरच काम करतं, पण प्रोस्टेटमध्ये जास्त असलेल्या ए प्रकाराकडे त्याचा ओढा आहे आणि वाहिन्यांवर त्याचा जोर कमी. प्रथिन एकाच कुटुंबातलं असलं तरी ती गोळी विंचवावर चालत नाही.

विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, ही वेगळी गोष्ट आहे. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते आणि रक्तात फिरणारं विष पकडते. जे विष चॅनलवर आधीच जाऊन बसलंय आणि जे ॲड्रेनलिन सुटून गेलंय, त्याचं ती फार काही करू शकत नाही, म्हणून ती लवकर द्यावी लागते. बावस्करांनी महाडला ७० पेशंटवर केलेली तुलना २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. लस अधिक प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं १० तासांत गेली. नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जणांची. बरं व्हायला सरासरी ८ तास विरुद्ध १७.७ तास. लस हाताशी असेल तर दोन्ही द्यावं, हे यावरून स्पष्ट आहे. लस यायची वाट बघत गोळी थांबवणं मात्र चूक.

ठणक्याचं प्रथिन

ठणक्यासाठी दंशाच्या जागी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचतात. लिग्नोकेनही सोडियम चॅनलवरच बसतं, फक्त विषाच्या उलट, ते बंद करतं. दवाखान्यात लिग्नोकेनच्या काही बाटल्यांत ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. ती बाटली इथे वापरायची नाही.

माणसात अशा सोडियम चॅनलचे नऊ प्रकार आहेत. लिग्नोकेनला त्यांच्यात फरक करता येत नाही, म्हणून ते टोचल्या जागेपुरतं ठीक. फक्त वेदनेच्या तंतूंत असलेला प्रकार बंद करता आला तर गुंगी आणि व्यसन दोन्ही टळेल, या विचारानं बरीच वर्षं शोध चालू होता. सातव्या प्रकारावर मोठी आशा होती, कारण उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत त्याच्या जनुकात बिघाड असलेली माणसं २००६ मध्ये सापडली आणि त्यांना वेदना मुळीच जाणवत नव्हती. इतका पक्का पुरावा असूनही त्यावरची औषधं चाचण्यांत फसत गेली. यश आलं आठव्या प्रकारावर. त्याला अडवणारं सुझेट्रिजिन अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र वेदनेसाठी मंजूर झालं. ॲरिझोनाच्या वाळवंटात विंचू खाणारा एक उंदीर आहे. विंचवाचं विष त्याच्या याच आठव्या चॅनलला बंद करतं आणि त्याला दंश दुखत नाही, हे २०१३ मध्ये दिसलं होतं. निसर्गानं ते लक्ष्य आधीच वापरलेलं होतं.

हृदयाला किती लागलं, हे कोण सांगतं

दुसऱ्या कामाचं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन. अल्फा-१ वर औषध देतात, ट्रोपोनिन मोजतात. ते हृदयाच्या स्नायूतंतूंत असतं. पेशी फुटली की रक्तात येतं. ॲड्रेनलिनच्या लोंढ्यानं हृदयाचे स्नायू थेट जखमी होतात, त्यामुळे गंभीर विंचूदंशात ते वाढतं, हृदयाच्या धमन्या साफ असल्या तरी.

सीपीके या स्नायूंतल्या विकराची जुनी तपासणी इथे फसवते. थरथरणारे हातापायांचे स्नायू आणि दंडात दिलेलं इंजेक्शन, दोन्हींनी सीपीके वाढतं. हृदयातलं ट्रोपोनिन-आय वेगळं ओळखता येतं, कारण त्याच्या सुरुवातीला सुमारे ३० अमिनो आम्लांचा असा तुकडा असतो, जो इतर स्नायूंतल्या ट्रोपोनिनला नसतो.

तरी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. ट्रोपोनिन रक्तात दिसायला काही तास लागतात. दंशानंतर तासाभरात काढलेला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेशंटला घरी पाठवू नये. तपासणी तीन ते सहा तासांनी पुन्हा करावी. ग्रामीण रुग्णालयात मिळणारी पट्टीची तपासणी फक्त रेघ दाखवते, थोडी वाढ तिच्यात निसटते. आणि ट्रोपोनिन ‘लागलंय’ एवढंच सांगतं, कशानं ते सांगत नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही ते वाढलेलं असतं.

उपचार कधीही या रिपोर्टसाठी अडवू नयेत. गार पाय, घाम, नाडी, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि ईसीजी एवढ्यावर प्राझोसिन सुरू करता येतं. ट्रोपोनिनचा उपयोग पुढच्या निर्णयाला: कोणाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं, कोणाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा. फुफ्फुसात पाणी भरलंच तर ऑक्सिजन, वाहिन्या सैल करणारी सलाइनमधली औषधं, प्रेशर पडत असेल तर हृदयाचा जोर वाढवणारं डोब्युटामिन, हे सगळं अतिदक्षता विभागातलं काम आहे. महाड, माणगाव, चिपळूणहून निघालेल्या गाडीत पेशंटला झोपवून न्यायचं की बसवून, हेही त्याच्या श्वासावरून ठरवावं लागतं. धाप असेल तर डोकं वर.

विंचूदंशातलं हृदयाचं नुकसान बहुधा भरून येतं. सुरुवातीला मलूल दिसलेला डावा कप्पा काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुन्हा नीट आकसू लागतो. म्हणून ज्यांचं ट्रोपोनिन वाढलं होतं किंवा ज्यांना धाप लागली होती, त्यांचा इको घरी जाताना आणि नंतर महिनाभरानं परत करावा. प्राझोसिन घरी चालू ठेवण्याची गरज नसते.